लॅपटॉप घेताना कंपनी नंतर विचारा, आधी सिरीज विचारा

प्रश्न असा आला आहे: मुलीला इथल्या एसजीएसआयटीएस इंजिनियरिंग कॉलेजात कम्प्युटर सायन्स मिळालं. बजेट 65 हजार, लॅपटॉप चारही वर्षं टिकायला हवा. डेल, एचपी, लेनोवो, आसुस, एसर यांत भरवशाचं कोण, आणि इंदूरमध्ये सर्व्हिस कोणाची चांगली? घरात प्रत्येक जण वेगळं नाव सांगतो.

दादा, आधी मुलीचं मनापासून अभिनंदन.

तुमच्या घरातलं कोणीही चुकीचं सांगत नाहीये. एकाचा लॅपटॉप सात वर्षं चालला असेल, दुसऱ्याचा त्याच कंपनीचा दीड वर्षात झाकणापाशी उखडला असेल. नाव एकच, पण दोघांच्या हातात दोन वेगळी यंत्रं होती. मी 2004 पासून या कामात आहे. पहिली सहा वर्षं एका कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरमध्ये काढली, नंतर आरएनटी मार्गावर सिल्व्हर मॉलजवळ, म्हणजे इंदूरच्या कम्प्युटर बाजारापाशी, दुरुस्तीचं स्वतःचं टेबल मांडलं. इतक्या वर्षांत जे दिसलं त्यावरून सांगतो: लॅपटॉपचं आयुष्य कंपनीच्या नावापेक्षा सिरीजवर ठरतं, आणि सर्व्हिस कशी मिळणार हे त्या सिरीजबरोबर कोणत्या पातळीची वॉरंटी घेतली यावर ठरतं. दुकानात गेल्यावर पहिला प्रश्न ‘कोणत्या कंपनीचा?’ हा असतो, आणि गफलत तिथेच होते.

कंपनीच्या नावावर मी इतका भर का देत नाही, तेही सांगतो. जगातले बहुसंख्य लॅपटॉप क्वांटा, कॉम्पाल, विस्ट्रॉन, इन्व्हेन्टेक, पेगाट्रॉन अशा मोजक्या तैवानी कंपन्या बनवतात. एकाच उत्पादकाकडे दोन-तीन ब्रँडांचं काम चालू असतं. आतले सुटे भागही ठरावीक लोकांकडूनच येतात. 2006 साली काय झालं पाहा. ऑगस्टमध्ये डेलने 41 लाख बॅटऱ्या परत मागवल्या, त्याच महिन्यात ॲपलने 18 लाख, आणि सप्टेंबरमध्ये लेनोवो-आयबीएमने पाच लाखांवर. झाकणावरची नावं वेगळी होती, पण आतले सेल सगळ्यांचे सोनीचे होते, आणि ते बनवताना आत धातूचे बारीक कण राहून गेले होते. दोनच वर्षांनी एनव्हिडियाच्या काही ग्राफिक्स चिपांमध्ये दोष निघाला. चिपखालचे सोल्डरचे सूक्ष्म ठिपके तापून-गार होऊन तडकत होते. जुलै 2008 मध्ये त्या कंपनीने त्यासाठी 15 ते 20 कोटी डॉलरची तरतूद जाहीर केली. त्या चिपा डेल, एचपी आणि ॲपल तिघांच्याही काही मॉडेलांत होत्या. नावाने कोणाला वाचवलं नाही.

मग फरक पडतो कुठे? अंगात. हाडं, सांधे, कातडी यांत.

सगळ्यात आधी हिंज, म्हणजे बिजागरी, कारण माझ्याकडे येणाऱ्या कॉलेजच्या मुलांच्या लॅपटॉपमध्ये तिचं दुखणं सर्वांत जास्त. स्वस्त घरगुती लॅपटॉपमध्ये हिंजची लोखंडी पट्टी तीन-चार स्क्रूंनी बसवलेली असते. ते स्क्रू पितळेच्या इवल्या नटांत जातात, आणि ते नट प्लास्टिकच्या खुंटांत गरम करून दाबलेले असतात. हिंज नवा असताना फिरतो. वर्ष-दीड वर्षात आतलं ग्रीस सुकतं, तो जड होतो. मुलं झाकण एका कोपऱ्याला धरून उघडतात, त्यामुळे सगळा जोर एकाच बाजूच्या खुंटांवर येतो. एक दिवस ‘कट्’ आवाज येतो. त्या दिवशी काही बिघडत नाही, म्हणून कोणी आणत नाही. पंधरा दिवसांनी झाकण उघडताना खालच्या बॉडीची कड उचलली जाते, स्क्रीनची चौकट फाकते, आणि त्या फटीतून जाणारी डिस्प्लेची केबल चिरडली जाते. पाचशे-सातशे रुपयांत सावरलं असतं ते काम सात-आठ हजारांवर जातं. आणि वॉरंटीत असलात तरी सर्व्हिस सेंटरवाला कागदावर तीन अक्षरं लिहितो, सीआयडी. म्हणजे कस्टमर इंड्यूस्ड डॅमेज, गिऱ्हाइकाच्या हातून झालेलं नुकसान. ते लिहिलं गेलं की दुरुस्तीचा खर्च तुमचा.

ऑफिससाठी बनवलेल्या सिरीजमध्ये हाच हिंज बहुधा धातूच्या फ्रेमला कसलेला असतो. एवढ्या एका गोष्टीने यंत्राचं आयुष्य दोन-तीन वर्षांनी वाढलेलं मी पाहिलं आहे.

दुसरी गोष्ट कीबोर्ड. मुलगी रात्री जागून अभ्यास करणार, शेजारी चहाचा कप असणार. पाणी सांडलं तर वाळवून एखादवेळी निभावतं. आपल्या चहात मात्र दूध आणि साखर. तो कीच्या खाली चिकटून बसतो आणि हळूहळू बोर्डावरचं तांबं खातो. आठ दिवस लॅपटॉप ठीक चालतो, मग एक ओळ टाइप होत नाही, मग चार्जिंग बंद. बऱ्याच थिंकपॅडमध्ये कीबोर्डखाली सांडलेलं बाहेर जायला वाट केलेली असते. शिवाय बऱ्याच मॉडेलांत तो कीबोर्ड खालच्या दोन स्क्रूंवर निघतो, वीस मिनिटांचं काम. घरगुती मॉडेलांत तोच कीबोर्ड वरच्या पत्र्याला प्लास्टिकच्या पन्नासेक टिकल्यांनी वितळवून चिकटवलेला असतो. एकेक टिकली खरवडून काढायची, नवा बसवल्यावर परत वितळवायची, नाहीतर अख्खा वरचा पत्राच बदलायचा. अशी मॉडेलं माझ्याकडे आली की मला गिऱ्हाइकाला खर्च सांगताना वाईट वाटतं.

आता नावांकडे येतो, पण सिरीजच्या हिशेबाने.

लेनोवोमध्ये आयडियापॅड घरगुती, थिंकपॅड ऑफिसचं, आणि थिंकबुक या दोघांच्या मधलं, छोट्या धंद्यांसाठी. थिंकपॅड 1992 मध्ये आयबीएमने काढला, 2005 मध्ये आयबीएमचा पीसीचा धंदा लेनोवोने घेतला. माझ्यासारख्याला थिंकपॅड आवडतो त्याचं कारण त्याची दुरुस्तीची पुस्तिका. कंपनीने ती उघडी ठेवली आहे. कोणता स्क्रू कुठला, कोणता भाग कोणत्या क्रमाने काढायचा, सगळं चित्रांसह. थिंकपॅडमध्येही ई सिरीज स्वस्त, एल मधली, टी वरची. तुमच्या बजेटात नवा टी बसणार नाही, ई किंवा थिंकबुक बसू शकतो.

डेलची जुनी नावं लोकांच्या तोंडात पक्की आहेत, घरगुती इन्स्पिरॉन, छोट्या धंद्याला व्होस्ट्रो, ऑफिसला लॅटिट्यूड. पण जानेवारी 2025 मध्ये कंपनीने नावांची पद्धत बदलली. ‘डेल’, ‘डेल प्रो’ आणि ‘डेल प्रो मॅक्स’. लॅटिट्यूडचा वारसा डेल प्रोकडे गेला. दुकानात जुना साठाही मिळतो, म्हणून दोन्ही नावं माहीत असू द्या. डेलचं मला आवडतं ते असं की घरगुती मॉडेलांचीसुद्धा खोलण्याची पुस्तिका ते देतात, आणि खालच्या सात अक्षरी सर्व्हिस टॅगवरून यंत्र कोणत्या भागांनिशी निघालं, वॉरंटी कोणती आणि कधीपर्यंत, हे दोन मिनिटांत कळतं. जुना लॅपटॉप घेणाऱ्यांनी तर तो टॅग तपासल्याशिवाय पैसे देऊ नयेत.

एचपीत पॅव्हिलियन आणि साध्या क्रमांकांचे लॅपटॉप घरगुती, आता त्यांत ओम्नीबुक हे नावही आलं आहे. ऑफिसचे प्रोबुक आणि एलिटबुक. दुरुस्तीची पुस्तिका एचपीचीही उघडी असते, भागांच्या क्रमांकांसह. इंदूरमध्ये एचपी आणि डेल दोन्ही कॉलेजं, बँका, कार्यालयं यांत भरपूर खपले आहेत. त्याचा फायदा तुम्हाला आहे, पुढे सांगतो.

आसुस आणि एसर पैशाच्या मानाने आत जास्त देतात. त्याच किमतीत जास्त चांगला स्क्रीन, जास्त वेगाचा प्रोसेसर. हे खरं आहे आणि ते नाकारायचं कारण नाही. आसुसचं एक्स्पर्टबुक आणि एसरचं ट्रॅव्हलमेट ही त्यांची ऑफिसची सिरीज, पण आपल्याकडच्या दुकानांत कमी दिसते, जास्त दिसतात ते व्हिवोबुक आणि ॲस्पायर. त्यांच्या घरगुती मॉडेलांची दुरुस्तीची पुस्तिका सहसा उघडी नसते, त्यामुळे आम्ही कारागीर मंडळी एकमेकांना विचारत काम करतो. काम होतं, वेळ जास्त लागतो.

ॲपल तुमच्या बजेटाबाहेर आहे, म्हणून थोडक्यात. 2020 पासूनच्या स्वतःच्या चिपांचे मॅकबुक गार चालतात आणि बॅटरी उत्तम देतात. पण रॅम बोर्डावरच असते, नंतर वाढवता येत नाही, आणि वॉरंटीबाहेरची दुरुस्ती महाग. महाग वस्तू म्हणजे निर्दोष असंही नाही. 2015 पासूनच्या त्यांच्या चपट्या बटरफ्लाय कीबोर्डमध्ये बारीक धूळ अडकून की बंद पडत, आणि जून 2018 मध्ये कंपनीला त्यासाठी मोफत दुरुस्तीची योजना जाहीर करावी लागली.

गेमिंग लॅपटॉपचा मोह मुलांना फार होतो. कम्प्युटर सायन्सच्या पहिल्या दोन वर्षांत वेगळ्या ग्राफिक्स कार्डाची गरज मला दिसत नाही. जड यंत्र, मोठा अडॅप्टर, जास्त उष्णता आणि दोन-तीन तासांत संपणारी बॅटरी, हे रोज बसमधून नेणाऱ्या मुलीला कशाला? पुढे मशीन लर्निंगचं मोठं काम लागलं तर कॉलेजची लॅब आहे, भाड्याने मिळणारे सर्व्हर आहेत.

जाहिरातीत ‘मिलिटरी ग्रेड’ लिहिलेलं असतं. त्याचा आधार अमेरिकी सैन्याचा 810 हा चाचणीचा नियम आहे, आत्ताची आवृत्ती 810-एच, 2019 ची. त्यात बऱ्याच चाचण्या आहेत आणि त्यांतल्या कोणत्या, किती कडक करायच्या हे लॅपटॉप बनवणारा स्वतः ठरवतो. कोणी बाहेरचा माणूस शिक्का मारत नाही. म्हणून त्या दोन शब्दांवर पैसे वाढवू नका. त्यापेक्षा दुकानात उभं राहून तीन गोष्टी करा. झाकण मधोमध एका बोटाने उघडा, हिंजपाशी बॉडी उचलली जाते का बघा. तळहात टेकतो तिथे अंगठ्याने दाबा, पत्रा खाली जातो का बघा. आणि बंद लॅपटॉप एका कोपऱ्याला धरून उचला, करकर ऐकू आली तर ठेवून द्या.

आता सर्व्हिस. हा भाग नीट वाचा, कारण फसगत इथे जास्त होते.

तुम्ही ज्याला ‘कंपनीचं सर्व्हिस सेंटर’ म्हणता ते बहुतेक ठिकाणी कंपनीचं नसतं. स्थानिक माणूस किंवा दुसरी संस्था कंपनीशी करार करून ते चालवते. त्याला प्रत्येक कामामागे ठरलेली रक्कम मिळते, भाग कंपनीच्या गोदामातून येतो, आणि भाग द्यायचा की नाही हे वरून ठरतं. मी स्वतः त्या काउंटरमागे सहा वर्षं उभा होतो. गिऱ्हाईक माझ्यावर चिडायचं आणि माझ्या हातात भाग मागवण्यापलीकडे काही नसायचं. म्हणून ‘अमुक कंपनीची सर्व्हिस इंदूरात चांगली’ हे वाक्य दोन-तीन वर्षांपुरतंच खरं असतं. चालवणारा बदलला, एखादा चांगला इंजिनियर सोडून गेला, की चित्र पालटतं.

टिकून राहणाऱ्या गोष्टी दोन. पहिली, ते मॉडेल आपल्या शहरात किती खपलं. जे खूप खपतं त्याचा कीबोर्ड, बॅटरी, फॅन गोदामात तयार असतो, दोन-चार दिवसांत येतो. वॉरंटी संपल्यावरही सिल्व्हर मॉलमध्ये मिळतो. ऑनलाइन सेलमध्ये एकदाच झळकलेलं अनोळखी मॉडेल घेतलंत तर साध्या चार्जिंग पोर्टच्या पट्टीसाठी तीन आठवडे बसून राहाल. घेण्याआधी मॉलमधल्या सुट्या भागांच्या दोन दुकानांत मॉडेलचं पूर्ण नाव सांगून विचारा, ‘इसका कीबोर्ड मिलेगा क्या?’ लगेच किंमत सांगितली तर मॉडेल ओळखीचं आहे. ‘मंगवाना पड़ेगा’ ऐकलं तर विचार करा. विकणाऱ्या दुकानदारापेक्षा हे उत्तर जास्त खरं असतं.

दुसरी गोष्ट वॉरंटीची पातळी. कॅरी-इन म्हणजे तुम्ही लॅपटॉप घेऊन जायचं, ऑनसाइट म्हणजे इंजिनियर घरी येणार. एकाच कंपनीत एका मॉडेलला हे असतं, दुसऱ्याला ते. ऑनसाइट तुमच्या पिनकोडवर मिळते का, हेही पाहायचं. ‘दुसऱ्या दिवशी घरी’ असं लिहिलेलं असतं, पण तो दुसरा दिवस फोनवर तपासणी पूर्ण होऊन भाग उपलब्ध झाल्यानंतरचा. ऑफिसच्या सिरीजला वरच्या पातळीची सेवा घेतली की फोन वेगळ्या, जाणत्या माणसांकडे जातो. लेनोवोचा प्रीमियर सपोर्ट, डेलचा प्रोसपोर्ट ही त्यांची नावं. ‘विंडोज परत टाकून बघा’ म्हणत तासभर अडकवून ठेवणं तिथे कमी होतं. हा फरक मी दोन्ही बाजूंनी पाहिला आहे, काउंटरमागून आणि काउंटरपुढून, आणि तो एकाच कंपनीच्या दोन गिऱ्हाइकांत असतो.

तुमच्या मुलीसाठी मी तीन वर्षांची ऑनसाइट आणि त्यात अपघाती नुकसानीचं संरक्षण असं घ्यायला सांगेन. सांडणं, पडणं, स्क्रीन फुटणं त्यात येतं, आणि वर सांगितलेली सीआयडीची तीन अक्षरं निष्प्रभ होतात. बहुतेकांत वर्षाला एकदाच दावा करता येतो, हे लक्षात ठेवा. वाढीव वॉरंटी कंपनीचीच घ्या, दुकानदार किंवा वेबसाइट स्वतःची विकते ती नको. मूळ वॉरंटी चालू असेपर्यंतच ती सहसा वाढवता येते, त्यामुळे पुढे बघू म्हणू नका. बॅटरीची वॉरंटी मात्र बहुधा एकच वर्ष असते, यंत्राची तीन असली तरी.

एक प्रसंग सांगतो. लोकमान्यनगरातल्या एका निवृत्त मास्तरांचा लॅपटॉप वॉरंटीत असताना बंद पडला. कंपनीचं नाव सांगत नाही. सर्व्हिस सेंटरने मदरबोर्ड मागवला आणि मग रोज ‘पार्ट नहीं आया’. मास्तर दर दोन दिवसांनी रिक्षा करून जात, तोंडी विचारून परत येत. 46 दिवस झाले तेव्हा ते माझ्याकडे आले, डोळ्यांत पाणी होतं, कारण आयुष्यभर जमवलेली टिपणं त्यात होती. मी विचारलं, जॉबशीट कुठे आहे? त्यांच्याकडे नुसती एक चिठ्ठी होती, तारीखसुद्धा नव्हती. मग आम्ही आधी ईमेल लिहिला. सिरियल नंबर, तक्रार क्रमांक, किती दिवस झाले, आणि सात दिवसांत दुरुस्ती नाहीतर बदली यंत्र, एवढंच. त्यानंतर 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. दहाव्या दिवशी बोर्ड आला. जे 46 दिवस तोंडी विचारून झालं नाही ते लिहिल्यावर झालं.

त्याने झालं नसतं तर जिल्हा ग्राहक आयोगाची वाट होती. 2019 चा ग्राहक संरक्षण कायदा 20 जुलै 2020 पासून लागू आहे. त्यात आपण राहतो त्या जिल्ह्यातच तक्रार करता येते, कंपनीचं कार्यालय बंगळुरूला असो की गुरुग्रामला. वस्तूची किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला फी नाही, आणि ती ऑनलाइनही दाखल होते. पण प्रत्येक पायरीवर कागद लागतो. म्हणून लॅपटॉप देताना जॉबशीटवर दोष काय, बाहेरून ओरखडे कुठे, अडॅप्टर दिला की नाही, सगळं लिहून घ्या, आणि देण्याआधी फोनवर चारी बाजूंचे फोटो काढा. दोष अधूनमधून येत असेल तर तो येताना व्हिडिओ काढून ठेवा. ‘हमारे यहाँ तो चल रहा है’ या उत्तराला त्या व्हिडिओशिवाय दुसरा इलाज नाही.

त्याहून मोठं दुखणं हल्ली एकच, आणि मुलीला आजच सांगा. विंडोज 11 चे बरेच नवे लॅपटॉप माहिती आपोआप कुलूपबंद करतात, त्याला बिटलॉकर म्हणतात. त्याची किल्ली मदरबोर्डावरच्या सुरक्षा चिपमध्ये असते. वॉरंटीत बोर्ड बदलला की नवा बोर्ड ती किल्ली ओळखत नाही, आणि निळ्या पडद्यावर 48 आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. मुलांनी दुकानदाराच्या ईमेलवर विंडोज सुरू करून घेतलेलं असतं, किंवा तो पासवर्डच विसरलेले असतात. भंवरकुआँवरच्या होस्टेलमधला एक मुलगा अशीच अख्ख्या प्रोजेक्टची फाइल घेऊन माझ्यासमोर बसला होता. एसएसडी, म्हणजे माहिती साठवणारी डिस्क, ठणठणीत, आत सगळं जागेवर, आणि मी त्यातलं एक अक्षरही काढून देऊ शकलो नाही. पहिल्याच दिवशी मुलीच्या स्वतःच्या खात्याने लॅपटॉप सुरू करा, ती 48 आकडी की कागदावर लिहून तुमच्या कपाटात ठेवा, आणि महत्त्वाचं सगळं दुसरीकडेही साठवायची सवय लावा.

थोडं आपल्या गावाबद्दल. मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि मुलं गादीवर लॅपटॉप ठेवून बसतात. हवा खालून आत जाते, ती वाटच बंद. वर्षभरात फॅन आणि त्यापुढच्या जाळीच्या मध्ये धुळीचा नमद्यासारखा थर बसतो, मी तो चिमट्याने अखंड पट्टीसारखा ओढून काढतो. रंगपंचमीच्या गेरनंतरच्या, म्हणजे रंगांच्या मिरवणुकीनंतरच्या, आठवड्यात त्या थरात गुलाल दिसतो, होस्टेलच्या खोल्यांतून आलेला. वर्षातून एकदा, मार्चअखेरीला, साफसफाई आणि थर्मल पेस्ट करून घ्या. वॉरंटीत असेल तर कंपनीच्या माणसाकडून.

आणि अर्थिंग. रामबाग, जुनी इंदूर इथल्या जुन्या घरांत अजून दोनच तारांची वायरिंग आहे. धातूच्या बॉडीचा लॅपटॉप चार्जिंगला असताना हाताला मुंग्या येतात, लोक म्हणतात लॅपटॉपच खराब निघाला. लॅपटॉप बरा असतो. अडॅप्टरमधल्या गाळणीच्या कपॅसिटरांमधून थोडा प्रवाह बॉडीवर येतो, तो अर्थच्या तारेतून निघून जायला हवा, आणि तारच नसते. मुंग्यांपुरतं ठीक, पण त्याच स्थितीत टीव्हीची केबल जोडली की कधीकधी पोर्ट जळतो. हे कंपनी वॉरंटीत घेत नाही. अभ्यासाच्या टेबलापाशी एक तीन पिनचा, खरा अर्थ असलेला पॉइंट इलेक्ट्रिशियनकडून करून घ्या.

बॅटरीसाठी एकच सांगणं. टेबलावर सतत चार्जरला लावून काम असेल तर चार्जिंग 80 टक्क्यांवर थांबवायची सोय सुरू करा. लेनोवो, आसुस, डेल सगळ्यांच्या सॉफ्टवेअरमध्ये ती असते. उन्हाळ्यात शंभर टक्क्यांवर तापत राहिलेली बॅटरी फुगते आणि टचपॅड वर उचलला जातो. क्लिक जड झालं की बॅटरी बघायची.

आता तुमचे 65 हजार. त्यातले सहा-आठ हजार वॉरंटी वाढवायला बाजूला काढा, हा माझा आग्रह आहे. उरलेल्यात 16 जीबी रॅम, 512 जीबी एसएसडी, फुल एचडी आयपीएस स्क्रीन, वजन दीड किलोच्या आसपास. रॅमचा निदान एक स्लॉट मोकळा किंवा बदलता येण्याजोगा हवा, सगळी बोर्डावर नको. प्रोसेसर एक पिढी मागचा चालेल, हिंज आणि वॉरंटीत तडजोड नको. माझी पसंती सांगायची तर पहिला थिंकबुक किंवा थिंकपॅड ई, मग एचपी प्रोबुक, मग डेल प्रोमधलं सुरुवातीच्या पातळीचं मॉडेल. तिन्ही मिळाले नाहीत तर व्हिवोबुक घ्यायला हरकत नाही, पण अपघाती संरक्षणासकट.

खर्च आणखी कमी करायचा असेल तर एक वाट आहे, आणि मी माझ्या भाचीसाठी तीच धरली. मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅटिट्यूड, एलिटबुक, थिंकपॅड टी असे लॅपटॉप बदलतात आणि ते मॉलमध्ये विकायला येतात. नव्याच्या निम्म्याहून कमी किमतीत खरी ऑफिसची बॉडी मिळते. इंटेलचा प्रोसेसर असेल तर आठव्या पिढीचा किंवा त्यानंतरचाच घ्या, कारण त्याआधीच्या बहुतेकांना विंडोज 11 अधिकृतपणे चालत नाही आणि विंडोज 10 चा आधार 14 ऑक्टोबर 2025 ला संपला. बायोसला, म्हणजे विंडोजच्याही आधी सुरू होणाऱ्या मूळ सॉफ्टवेअरला, जुन्या मालकाचा पासवर्ड नाही ना, एवढं समोर उघडून दाखवायला लावा, आणि नव्या बॅटरीचा खर्च हिशेबात धरा. कंपनीची वॉरंटी मात्र सहसा उरलेली नसते, दुकानदाराच्या शब्दावर राहावं लागतं.

लॅपटॉप घरी आला की त्याच दिवशी कंपनीच्या साइटवर सिरियल नंबर टाकून वॉरंटीची तारीख बघा. पुष्कळदा ती कारखान्यातून निघाल्याच्या दिवसापासून मोजलेली असते आणि तुमचे दोन-तीन महिने कापलेले असतात. बिल पाठवलं की दुरुस्त करून देतात, पण मागावं लागतं. पहिले दहा दिवस तो रोज पाच-सहा तास चालवा, सगळे पोर्ट, कॅमेरा, वायफाय, सगळं. सुरुवातीच्या ठरावीक दिवसांत निघालेल्या दोषाला अख्खं यंत्र बदलून मिळू शकतं, नंतर फक्त भाग.

दोन-तीन मॉडेलं नक्की झाली की त्यांची खालच्या स्टिकरवरची पूर्ण नावं लिहून पाठवा. शेवटची अक्षरं आणि आकडेसुद्धा, कारण तिथेच सगळा फरक असतो. कीबोर्ड, हिंज आणि बॅटरी बाजारात मिळतात का हे मी मॉलमध्ये विचारून सांगतो.